लवू घाडीचा गारठा

लवू घाडीने एकतीस वर्षं पाण्याचा दगड केला. भांडुपच्या एका बर्फाच्या कारखान्यात. आता तिथे बावीस मजली इमारत आहे आणि तिच्या पहिल्या मजल्यावर काचेमागे माणसं एका जागी पळत असतात, घामाघूम होतात, कुठेही पोचत नाहीत. लवू रस्त्यावरून जाताना त्यांच्याकडे बघतो आणि मनात म्हणतो, ह्याच जागी, बाबांनो, आम्ही ऐन मे महिन्यात कुडकुडत होतो.

कारखान्यात खाऱ्या पाण्याचा लांबरुंद हौद होता. गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे त्यात उभे सोडायचे आणि वाट बघायची. खारं पाणी स्वतः गोठत नाही, दुसऱ्याला गोठवतं. काही माणसंही अशीच असतात, असं लवूचं मत. डब्यातलं पाणी कडेकडून आत गोठत यायचं आणि मधला भाग सगळ्यात शेवटी. त्याच्या आधी डबा वर काढला तर ती लादी कच्ची. बाहेरून बर्फ, आतून पाणी. मासे विकणाऱ्या कोळणी अशी लादी लोखंडी आकड्याच्या एका टोल्यात ओळखायच्या आणि मग मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. एकतीस वर्षांत लवूच्या हातून एकही कच्ची लादी बाहेर गेली नाही.

कारखाना बंद झाला तेव्हा त्याच्याजवळ एवढंच ज्ञान होतं: किती थांबायचं. ते कुणाला नको होतं. तो मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागला. आणि साठाव्या वर्षी, एकतीस वर्षं बर्फावरून चाललेला हा माणूस, चक्क कोरड्या जिन्यावर घसरला. पाय प्लास्टरमध्ये, सहा आठवडे खाटेवर.

खाटेवरचा लवू भिंतीकडे बघत पडून राहायचा. बायको प्रेमा दोन वेळचं जेवण समोर ठेवायची आणि न बोलता ताट उचलायची. मुलगा देवेश सकाळी निघायचा तो रात्रीच उगवायचा. सून दिपाली घाटकोपरची, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढायची, पण घरात कुणाचं तोंड उतरलेलं तिला खपायचं नाही. एका रविवारी तिने सासऱ्याच्या हातात फोन दिला.

"बाबा, बघून बघून ती भिंत पडेल. हे खेळा."

"काय आसा ह्या?"

"राकसराडा. अख्खं भांडुप खेळतंय. एक राकस घ्यायचा, पाळायचा, शिकवायचा आणि दुसऱ्याच्या राकसाशी झुंजवायचा. पाळीपाळीने. एक डाव तुमचा, एक डाव समोरच्याचा. प्रत्येक राकसाला चारच डाव."

लवूने चष्मा लावला. आग ओकणारे, विजा पाडणारे, पंखांचे, सोंडेचे राकस बोटाखालून सरकत गेले.

"ह्यात बर्फवालो कोण?"

बर्फवाला एकच निघाला. साळिंदरासारखा, पांढऱ्या काट्यांचा, बुटका, झोपाळू डोळ्यांचा. उभ्या उभ्या सारखं घुंई घुंई करायचा. कारखान्यातलं मोठं यंत्र असंच करायचं, रात्रंदिवस. लवूने राकसाचं नाव ठेवलं कंप्रेसर.

प्रेमा स्वयंपाकघरातून म्हणाली, "साठी उलाटली, आता तुमी राकस पाळतास?"

"पाळलंय. तू चाय दी."

"राकसाक सांगा चाय करूक."

कंप्रेसरच्या चार डावांत एक डाव होता, गारठा. तो इतर डावांसारखा दाबला की सुटायचा नाही. अंगठा दाबून धरायचा, आणि प्रत्येक पाळीगणिक पडद्याच्या कडा पांढऱ्या होत आत सरकायच्या. चार पाळ्या धरला तर पुरा. त्याआधी सोडला तर समोरच्याच्या अंगावर नुसतं दव. आणि धरलेला असताना आपल्याला दुसरं काही करता येत नाही. समोरचा वणवा टाको, वीज टाको, आपण सोसायचं. त्यामुळे कुठल्याही राकसाला शिकवता येत असूनही गारठा कुणी खेळत नसे. चार पाळ्या जगतो कोण? लवू मात्र पहिल्यांदा तो डाव धरला तेव्हा खाटेवर उठून बसला. पडद्याच्या कडेने पांढरं आत येत होतं. असंच यायचं ते. अगदी असंच.

प्लास्टर निघालं, लवू कामावर गेला, पण कंप्रेसर सुटला नाही. तो सोसायटीच्या गेटवरच्या खुर्चीत बसून खेळायचा आणि बहुतेक वेळा हरायचा. हरला की समोरून पोरं लिहायची: काका, गारठा सोडा, जमाना गेला. लवू उत्तर लिहायचा: जमाना जातो, थंडी राहते. दिपालीने ते वाचलं आणि म्हणाली, "काय बाबा, शायर झालात!"

मग एका सकाळी फोनवर सूचना आली. खेळ बनवणाऱ्यांनी जाहीर केलं होतं की फारसे वापरात नसलेले सात डाव पहिल्या तारखेपासून काढून टाकण्यात येतील. यादीत चौथा गारठा. खाली एक सवलत होती: उपनगर स्पर्धेत मंचावर होणाऱ्या झुंजींमध्ये ज्या डावाने शेवटचा घाव बसेल, तो डाव खेळात कायम राहील.

लवूने ती सूचना तीनदा वाचली. कारखान्याच्या फाटकावर असाच एक कागद लागला होता. तेव्हा तो कागदही त्याने तीनदा वाचला होता आणि जेवणाचा डबा उचलून घरी गेला होता. ह्या वेळी तो गेटवरून उठला आणि लॅबमध्ये सुनेला फोन केला.

"दिपाली, माझा नाव घाल."

"कशात?"

"स्पर्धेत गो."

पलीकडे रक्त काढायला कुणाचा तरी दंड बांधलेला असणार. ती इतक्या जोरात "येस!" ओरडली की तो पेशंट घाबरला असावा.

मंचावर फक्त चौघं जाणार होते. बाकीच्या फेऱ्या घरूनच, फोनवर. तीन आठवडे घाड्यांच्या घरात दुसरा विषय नव्हता. दिपाली कामावरून आली की पर्स न ठेवताच सासऱ्याच्या शेजारी बसायची. समोरचा काय खेळतो ते वहीत टिपायची, सासऱ्याला डाव बदलायला लावायची, चिडायची, टाळी द्यायची. काटे मारून, सोसून, कधी नुसत्या नशिबाने कंप्रेसर एकेक फेरी पार करत गेला. अंधेरीचा एक प्रितम नावाचा खेळाडू तर झुंज अर्धी टाकून जेवायला गेला, म्हातारा काय करणार म्हणून. परत आला तेव्हा पाळ्या हुकून त्याचा राकस गोठून उभा होता. शेवटच्या चौघांची नावं आली तेव्हा लवूचं नाव दुसरं होतं, आणि भांडुपच्या टेंभीपाड्यातल्या आपल्या गल्लीत प्रेमाने, कुणाला कारण न सांगता, घरोघर खोबऱ्याच्या वड्या वाटल्या.

*

स्पर्धा मुलुंडच्या एका मंगल कार्यालयात होती, रविवारी दुपारी. आदल्या दिवशी तिथे लग्न झालेलं. झेंडूच्या माळा तशाच लटकत होत्या आणि मंचावर नवरानवरीच्या सोनेरी, लाल गादीच्या खुर्च्या. खेळाडूंनी त्यांवरच बसायचं होतं. लवू इस्त्रीचा शर्ट घालून एका खुर्चीत बसला तशी खालून प्रेमा म्हणाली, "बघ गो दिपाली, सासऱ्याचा दुसरा लगीन!" पहिल्या चार रांगा हसल्या.

दुसऱ्या खुर्चीत कृणाल होता. घाटकोपरचा, पंचविशीचा, दोन वर्षं अजिंक्य. वाईट नव्हता, येऊन लवूच्या पाया पडला आणि मग शांतपणे म्हणाला, "काका, लवकर संपवू. मला सहाला पोचायचंय."

त्याच्या राकसाचं नाव रांजण्या. नावासारखाच: मातीचा अवाढव्य रांजण, त्याला दोन पाय आणि दोन बारीक डोळे. त्याचे खरे डाव दोनच. भर, म्हणजे पाणी पिऊन पोट भरायचं. जितकं पाणी तितकं कवच जाड आणि जखमा बऱ्या. आणि ओत, म्हणजे साठवलेलं सगळं एकदम समोरच्यावर. तीनदा भरला की रांजण्या काठोकाठ. त्यानंतर त्याच्यावर काहीही मारा, टणकन परत. दोन वर्षांत काठोकाठ रांजण्याला कुणी ओरखडा काढला नव्हता.

दिपालीने बेत आखला होता. "बाबा, भरायच्या आधी फोडायचा. काटे, काटे, मग गारठा, दोनच पाळ्या. चिरलेल्या पोटाला दवही पुरेल. जास्त धरायचा नाही. शपथ?"

"शपथ."

मीरा नावाची बाई माइक घेऊन उभी होती, खेळ बनवणाऱ्यांच्या बाजूने. तिने दोघांची नावं पुकारली, मागच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दोन्ही राकस उभे राहिले आणि सभागृह खुर्च्यांच्या कडेवर आलं.

कंप्रेसरने काटे मारले. लागले! रांजण्याच्या पोटाला चीर गेली. दिपालीने मुठी आवळल्या. कृणालने भर दाबलं, चीर बुजली. पुन्हा काटे, पुन्हा चीर, पुन्हा भर, चीर पुन्हा बुजली. मग लवूने अंगठा दाबला. पडद्याच्या कडा पांढऱ्या झाल्या. कृणालने हसून नुसतीच हूल दिली. दुसरी पाळी. दिपाली खालून ओरडली, "सोडा!" लवूच्या अंगठ्याला ते पटत नव्हतं. पण शपथ होती. त्याने सोडला.

रांजण्याच्या पोटावर दव पडलं. बस. चार थेंब ओघळले.

कृणाल म्हणाला, "काका, एसी वाढवला काय? बरं वाटलं."

सभागृह खो खो हसलं. आणि त्या हसण्यातच कृणालने ओत दाबलं. मोठ्या पडद्यावर पाण्याची भिंत आली आणि कंप्रेसर तिच्याखाली दिसेनासा झाला. पाणी ओसरलं तेव्हा तो एका पायावर होता. काटे अर्धे गळलेले. अजून एक तसा घाव आणि खेळ खलास. आणि खेळापाठोपाठ गारठा.

लवूने दिपालीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी. तिचा बेत संपला होता. तिने दोन्ही हात वर केले: आता तुमचं तुम्ही.

लवूने अंगठा दाबला आणि धरला.

कृणालचा रांजण्या रिकामा झाला होता. त्याने भर दाबलं. मोठ्या पडद्यावर रांजणाच्या पोटात पाणी चढताना दिसायचं, निळं, पारदर्शक. एक वीत चढलं.

दुसरी पाळी. कडांचं पांढरं आत सरकलं. रांजण अर्धा भरला.

लवू पडद्याकडे बघत होता आणि त्याला काहीतरी आठवू पाहत होतं. शब्द नव्हता तो, आवाज होता. एक छोटा, कोरडा, काडी मोडल्यासारखा आवाज.

आणि आठवलं!

कारखान्यात नव्या माणसाची एक चूक ठरलेली होती. पहिल्या आठवड्यात त्याला हटकून गार पाण्याची हाव सुटायची. एवढा थोरला थंड हौद समोर, मग काय? घरून आणलेली काचेची बाटली गळ्यापर्यंत भरायची, बूच घट्ट लावायचं, सुतळीने हौदात सोडायची आणि कामाला लागायचं. जुनी माणसं बघायची. एकही बोलायचा नाही. तासाभराने हौदातून यायचा तो आवाज: फट्! बाटलीचे दोन तुकडे. पाणी गोठताना फुगतं आणि गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीत फुगायला जागा नसते. ज्याची बाटली फुटेल त्याने त्या वेळच्या सगळ्या कामगारांना चहा पाजायचा, अशी रीत. लवूची तर बाटलीही नव्हती. प्रेमाने नव्या संसारातलं मडकं दिलं होतं, झाकण फडक्याने बांधून. ते हौदातून वर काढलं तेव्हा मातीच्या तीन खापऱ्या बाजूला गळून पडल्या आणि मध्ये उभं राहिलं बर्फाचं मडकं. मडक्याशिवायचं मडकं. त्याने ते कितीतरी वेळ हातात धरलं होतं, बोटं बधिर होईपर्यंत.

रांजण. भरलेला रांजण. काठोकाठ.

अरे, हे पोरगं बाटली भरतंय!

लवूने तोंडावर काही दिसू दिलं नाही. खेळ बनवणाऱ्यांनी एवढा विचार केला असेल? पाणी फुगतं हे त्यांना ठाऊक असेल? कुणास ठाऊक. पण ज्याने गारठा कडेकडून आत येताना इतका खरा काढला, त्याने कधीतरी बर्फाजवळ बसून बघितलं असणारच.

तिसरी पाळी. पांढरं आणखी आत आलं.

आता सगळं कृणालवर होतं. त्याने आता ओतलं असतं तर कंप्रेसर मेलाच. मागच्या रांगांतून त्याचे दोस्त बोंबलत होते, "ओत रे! ओत! म्हातारा संपला!" कृणालचा अंगठा दोन डावांच्या मध्ये थांबला होता.

खालून दिपालीही ओरडली, "बाबा, सोडा, सोडा! तो ओतणार!"

लवू सोनेरी खुर्चीत मागे टेकला. आवाज त्याने कोळणींशी भांडायचा तोच काढला.

"काय रे कृणाल, दमलास? दोन वर्षां झाली, म्हणे काठोकाठ, काठोकाठ. आज लोकांका अर्धोच रांजण दाखवतलंस? भर रे बाबा. रिकाम्या रांजणाक कोण भिता?"

सभागृहात "ओहोहोहो!" अशी लाट उठली. कुणीतरी शिट्टी मारली. कृणाल लाल झाला. त्याला ह्या लोकांसमोर पुन्हा यायचं होतं; अर्ध्या रांजणाने म्हाताऱ्याला मारलं असं कुणी म्हणायला नको होतं. आणि काठोकाठ झाल्यावर भीती तरी कसली?

त्याने भर दाबलं.

पाणी गळ्यापर्यंत चढलं, ओठाशी आलं, काठावर थरथरलं. मोठ्या पडद्यावर सोनेरी अक्षरं: काठोकाठ. रांजण्याचं कवच झळकलं. टाळ्या.

लवूची पाळी. चौथी. पडदा कडेपासून मध्यापर्यंत पांढरा झाला होता. फक्त मधोमध एक टिंब उरलं होतं, आत रांजण्याचे दोन बारीक डोळे. लवूने टिंबाकडे बघितलं. टिंब मिटलं. सभागृहातला पंख्यांचा आवाजसुद्धा त्याला ऐकू येईना.

त्याने अंगठा उचलला.

आधी काहीच झालं नाही. पांढरं विरलं. रांजण्या जिथल्या तिथे, चकचकीत, भरलेला. कृणालने सुस्कारा टाकून ओतवर अंगठा नेला. आणि तेवढ्यात पडद्यातून, मोठ्या भोंग्यांतून, अख्ख्या कार्यालयात आवाज आला.

फट्!

गळ्यापासून पायापर्यंत एक रेघ. मग दुसरी. मग रांजण्याच्या कवचाच्या तीन खापऱ्या सुटल्या आणि बाजूला पडल्या, आणि मध्ये उभा राहिला निव्वळ बर्फाचा रांजण, निळसर, आरपार दिसणारा, आत दोन गोठलेले डोळे. आणि तोही मग हळूच कोसळला.

लवूच्या तोंडून फक्त "आवशीक!" एवढंच निघालं. शिवीचं पुढचं गोंगाटात बुडालं. लोक खुर्च्यांवर उभे होते. दिपाली मंचाच्या पायऱ्या तीन तीन करून चढली आणि सासऱ्याला मिठी मारून उड्या मारू लागली. दुखऱ्या पायाने लवूही उड्या मारत होता. प्रेमा शेजारच्या अनोळखी बाईला हलवून हलवून सांगत होती, "माझा मडक्या फोडल्यान हेनी! आमचा लगीन झाल्यावर! तसाच फुटला! तसाच!" बाईला काही कळत नव्हतं, पण तीही ओरडत होती.

मीराने माइक दोन हातांनी धरला होता. ती गोंगाटावरून ओरडली. "भरलेल्या राकसाला पुरा गारठा बसला तर कवच आतून फुटतं, हे आमच्या माणसाने पहिल्या दिवसापासून खेळात घातलेलं आहे. आजवर ते कुणालाही सापडलं नव्हतं. कुणालाही! म्हणून तर आम्ही हा डाव काढायला निघालो होतो." मग तिने पडद्याकडे हात केला. "शेवटचा घाव: गारठा. गारठा खेळात कायम राहील."

कृणाल अजून फोनकडे बघत बसला होता. मग त्याने मान वर केली आणि हसला, खराखुरा. "काका, हे केलंत काय तुम्ही?"

"बाटली फोडलंस तू," लवू त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "आता चहा तुझ्याकडून. सगळ्यांका. रीत आसा."

"किती जणांना?"

"खाली बघ."

कृणालने मंचावरून खाली बघितलं. दोनशे तरी होते. त्याने कपाळाला हात लावला, आणि सहा वाजता त्याला कुठे पोचायचं होतं ते तो विसरलाच.

*

अंतिम झुंज अर्ध्या तासाने होती. समोर आधीची झुंज जिंकलेली नमिता, मुलुंडचीच, अठरा वर्षांची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. केस घट्ट बांधलेले, नखं खाल्लेली. तिचा राकस पाखरू होता, काळं, लांब शेपटीचं, उंच उडणारं. ती आजवर वीज आणि वारा ह्यांवरच जिंकत आली होती, आणि दिपालीच्या वहीत तिची तीन पानं भरलेली होती.

"वीज टाकेल, मग खाली उतरेल. उतरली की काटे," दिपालीने सांगितलं. "आता पूर्ण जिंकायचंच, बाबा!"

लवू खुशीत खेळला. इतकं मोकळं खेळणं त्याला आठवतच नव्हतं. काटे मारले, सोसले, पुन्हा मारले. पाखराचं एक पीस, दोन पिसं गळली. कंप्रेसरही अर्धा झाला. मग पाखरू वर गेलं, काट्यांच्या टप्प्याबाहेर, आणि तिथेच थांबलं. वीज पडली नाही. वाराही आला नाही.

आणि लवूच्या फोनच्या कडा पांढऱ्या झाल्या.

त्याला क्षणभर कळेना. त्याने तर गारठा धरलेला नव्हता. मग त्याने पलीकडे बघितलं. नमिताचा अंगठा पडद्यावर दाबलेला होता, नख पांढरं पडलेलं. मधल्या अर्ध्या तासात तिने पाखराला वाऱ्याचा डाव विसरायला लावून गारठा शिकवला होता.

लवूच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या कुणाच्या तरी हातचा गारठा तो आयुष्यात पहिल्यांदाच बघत होता. त्याने काटे मारले, पोचले नाहीत. दुसरी पाळी. पांढरं आत सरकलं. थोडं वेडंवाकडं, घाईचं, पण सरकलं. तिसरी पाळी. लवू आपला डाव टाकायचं विसरून तिच्या अंगठ्याकडे बघत होता. अंगठा थरथरत होता. तिचा धीर सुटत चालला होता. ती ओठ चावत होती, डोळे बारीक करत होती, आणि अंगठा उचलायला लागली.

"अगो, थांब!" लवू खुर्चीतून उठून ओरडला. "मध्ये पाणी आसा अजून! धर! एक पाळी धर!"

दिपालीने वही तोंडावर आपटून घेतली. "बाबा! तुम्ही कुणाकडून खेळताय?"

नमिताने घाबरून त्याच्याकडे बघितलं. तो दोन्ही हातांनी खुणावत होता: धर, धर. तिने अंगठा पुन्हा दाबला. चौथी पाळी. पांढरं मध्यापर्यंत आलं, मिटलं, आणि तिने सोडला.

कंप्रेसर घुंई करता करता थांबला. एकेक काटा गोठत गेला, झोपाळू डोळे तसेच उघडे राहिले. मग तो आडवा झाला आणि पडद्यावर नमिताचं नाव आलं.

"बरोबर!" लवू म्हणाला. "बघ, आता कसा बरोबर झाला! पण तिसऱ्या पाळीक तू हललंस. हलायचा नाय. अंगठो सैल सोड, मनगटात जोर ठेव. असो, बघ." त्याने तिचा फोनच हातात घेतला आणि दाखवायला लागला. नमिता बक्षीस घ्यायचं सोडून बघत होती.

खाली रांगांत फोन वाजू लागले होते. गोठायचा तो बारीक, कुरकुरीत आवाज, आधी दोन ठिकाणी, मग दहा, मग सगळीकडून. पोरं आपापल्या राकसांना गारठा शिकवत होती. "तीन पाळ्यांत होतं रे," कुणीतरी सांगत होतं. "नाही, चार!" दुसरा भांडत होता. "काकांनी चार धरला. मी बघितलं."

"बाबा, आता घरी चला," दिपाली म्हणाली. तिचं हसू आवरत नव्हतं. "आई कधीची उभी आहे."

पण लवू मंचावरून उतरून तिसऱ्या रांगेत शिरला होता. सोनेरी खुर्ची सोडून तो एका डगडगत्या प्लास्टिकच्या खुर्चीवर दोन पोरांच्या मध्ये दाटीवाटीने बसला आणि म्हणाला, "दाखव बघू तुझो. धर. हां, धर. बोलू नको."